नाव नसलेली आजी

आजच्या भागाची सुरुवात माझ्या नोकरीपासून करतो, कारण हा विषय मला तिथेच सापडला.

मी डेटाबेसवर काम करतो. मागे एकदा माझ्या गळ्यात एक कंटाळवाणं काम पडलं होतं. एकाच माणसाच्या आठ-दहा नोंदी, प्रत्येकीत नावाचं स्पेलिंग वेगळं, पत्ता अर्धवट, जन्मतारीख कधी आहे, कधी नाही. त्यातून हा माणूस एकच आहे की दोन, हे शोधून काढायचं. याला रेकॉर्ड लिंकेज म्हणतात. त्यावर वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं, हे काम कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून वंशावळी लिहिणारे लोक वही-पेन्सिल घेऊन करत आलेत. आणि असं वाचता वाचता मी एका रात्री अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाला जाऊन पोचलो. आमिश लोकांकडे.

आमिश म्हणजे तेच, ज्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. घोडागाडी, दाढी, काळी हॅट, बायकांच्या डोक्यावर पांढरी टोपी. घरात वीजवाहिनी नाही, मोटार नाही. पण स्वतःच्या वंशावळींबाबत हे लोक इतके काटेकोर आहेत की आपण थक्क व्हावं. अठराव्या शतकात अमेरिकेत साधारण पाचशे आमिश आले. आज त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे. बाहेरून या पंथात येणारे फारच कमी, त्यामुळे आजचा कुठलाही आमिश घ्या आणि मागे मागे जात राहा, फिरून तुम्ही त्याच मोजक्या घरांपाशी येता.

त्यातलं एक घर होखस्टेटलर. जर्मन उच्चार साधारण होखश्टेटलर असा. अमेरिकेतल्या कारकुनांनी ते जसं कानावर पडलं तसं लिहिलं, म्हणून पुढे हॉस्टेटलर, हॉक्स्टेटलर, हॉस्टेडलर अशी त्याची पिलावळ झाली. या घराचा अमेरिकेतला मूळ पुरुष याकोब. आमिश आणि मेनोनाइट घरांतल्या असंख्य वंशवृक्षांत हा याकोब बसलेला आहे. तो कुठल्या जहाजाने आला ते माहीत आहे. त्याचं घर कुठे होतं ते माहीत आहे. ते घर कुठल्या रात्री जळलं तेही माहीत आहे.

त्याच्या बायकोचं नाव मात्र माहीत नाही. ती त्याच हल्ल्यात मारली गेली.

आजचा भाग खरंतर तिच्याबद्दल आहे. पण तिच्यापर्यंत जायचं तर याकोबच्या वाटेनेच जावं लागतं, कारण कागद फक्त त्याचे आहेत.

आधी थोडं मागे जाऊ. १५२५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये काही लोकांनी ठरवलं की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही. माणूस मोठा झाला, त्याला कळायला लागलं, की त्याने स्वतः होऊन तो घ्यावा. आज ऐकायला हे साधं वाटतं. पण त्या काळी चर्चच्या वहीत बाळाचं नाव चढलं की ते बाळ राज्याच्या हिशेबात यायचं. बाप्तिस्मा नाकारणं म्हणजे सरकारी सिस्टीममधून बाहेर पडणं. शिवाय हे लोक शपथ घेत नसत आणि हत्यार उचलत नसत. यांना ॲनाबॅप्टिस्ट म्हणतात, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे. त्यांना बुडवून मारलं, जाळलं, तुरुंगात टाकलं. बर्न राज्याने तर यांना हुडकून काढायला खास माणसं ठेवली होती, आणि पकडलेल्या काही जणांना जहाजांवर वल्ही मारायच्या शिक्षेसाठी पाठवलं.

म्हणून बरेच जण बर्न सोडून अल्सासमध्ये आले. आज हा भाग फ्रान्समध्ये आहे. तिथल्या डोंगरात सेंट-मारी-ओ-मीन नावाचं खाणींचं गाव आहे, जर्मनमध्ये मार्किर्ख. याकोब आमान नावाचा कडक शिस्तीचा धर्मोपदेशक याच भागात राहायचा. १६९३ मध्ये त्याचं बाकीच्यांशी वाजलं आणि त्याच्या बाजूने गेलेले ते आमिश. मग १७१२ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने अल्सासमधून सगळ्या ॲनाबॅप्टिस्टांना हाकलायचा हुकूम काढला. होखस्टेटलर मंडळींचा प्रवास याच वाटेवरचा: बर्नचा डोंगराळ भाग, तिथून अल्सास, तिथून समुद्र.

आता इथे मला एक गंमत वाटली. गंमत म्हणजे कडू गंमत. युरोपात वंशावळ शोधायची तर पहिला आधार कुठला? चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या. पण हे लोक बाळांचा बाप्तिस्माच करत नव्हते! म्हणजे त्या वह्यांत यांची पोरं सापडायचीच नाहीत. मग संशोधक काय बघतात? कर भरल्याच्या याद्या, जमीन खंडाने घेतल्याचे करार, हद्दपारीच्या नोंदी, तुरुंगाचे कागद. ज्यांनी यांना हाकललं, त्यांनीच यांची नावं लिहून ठेवली. छळ नसता झाला, तर यातल्या कित्येकांचा मागमूसही उरला नसता.

पुढचा टप्पा जहाजाचा. विल्यम पेनला इंग्लंडच्या राजाकडून १६८१ मध्ये पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली. पेन स्वतः क्वेकर, धर्माच्या नावाखाली तुरुंगात जाऊन आलेला माणूस. त्याने आपल्या वसाहतीत कुठल्याही पंथाला राहायला मोकळीक दिली. जर्मन बोलणारे लोक झुंडीने यायला लागले. इतके आले की इंग्रज अधिकाऱ्यांना धडकी भरली, आणि १७२७ पासून नियम झाला: जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी पुरुषाने, वय सोळा आणि वर, फिलाडेल्फियात राजनिष्ठेची शपथ घ्यायची आणि यादीवर सही करायची. शपथ न घेणाऱ्या पंथांना नुसतं वचन दिलं तरी चालायचं.

या याद्या शिल्लक आहेत. स्ट्रासबर्गर आणि हिंकी या दोघांनी १९३४ मध्ये त्या छापून काढल्या, आणि पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घराण्यांवर काम करणारा प्रत्येक जण आजही तिथूनच सुरुवात करतो.

यादीत आपला याकोब सापडतो. पण जुन्या वंशावळी चाळल्या तर तिथे तो १७३६ मध्ये 'हार्ल' नावाच्या जहाजाने आलाय. नंतरच्या संशोधकांच्या मते तो १७३८ च्या ९ नोव्हेंबरला 'चार्मिंग नॅन्सी' या जहाजाने फिलाडेल्फियात उतरला, सोबत बायको आणि दोन लहान मुलं, जॉन आणि बार्बरा. आज बहुतेक जण ही दुसरी तारीख धरतात. एकसारख्या नावाची दोन माणसं, दोन जहाजं, दोन वर्षांचं अंतर. माझ्या त्या कंटाळवाण्या कामाचंच हे जुनं रूप! मी हे वाचून खुर्चीत सरळ बसलो.

आता नियम पुन्हा ऐका: पुरुष, वय सोळा आणि वर. १७३८ हे या जहाजांसाठी भयंकर वर्ष होतं. कोंबून भरलेल्या जहाजांत तापाच्या साथीने माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्या वर्षी समुद्र ओलांडून, दोन लेकरं जिवंत ठेवून जी बाई फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरली, तिला सही करायला कुणी बोलावलंच नाही. मुद्दाम कुणी तिचं नाव खोडलेलं नाही. त्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता.

फिलाडेल्फियाच्या वायव्येला ब्लू माउंटन नावाची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याशी नॉर्थकिल नावाचा ओढा. आज हा भाग बर्क्स काउंटीत येतो, शार्टल्सव्हिल गावाजवळ. १७४० च्या सुमाराला इथे आमिशांची अमेरिकेतली पहिली संघटित मंडळी उभी राहिली. याकोबने इथे जमीन घेतली, झाडी तोडली, घर बांधलं, फळबाग लावली. अजून मुलं झाली: धाकटा याकोब, योसेफ, क्रिस्टियान आणि एक मुलगी. जॉन आणि बार्बरा मोठी झाली, लग्नं होऊन वेगळी राहू लागली. जॉनचं घर बापाच्या घराला लागूनच होतं. बार्बराने क्रिस्टियान स्टुट्झमन नावाच्या माणसाशी लग्न केलं.

आणि ही जमीन रिकामी नव्हती. हे सांगितल्याशिवाय पुढची रात्र कळणार नाही. हा लेनापे लोकांचा मुलूख, इंग्रज त्यांना डेलावेअर म्हणायचे. विल्यम पेनने त्यांच्याशी बरे संबंध ठेवले होते. त्याच्या मुलांनी ते धुळीला मिळवले. १७३७ मध्ये नॉर्थकिलच्या पूर्वेकडे एक सौदा झाला. पेनच्या मुलांनी एक जुना कागद पुढे केला, त्यात म्हणे कबूल केलं होतं की माणूस दीड दिवसात जितकं चालेल तितकी जमीन द्यायची. मग त्यांनी आधी झाडी कापून वाट मोकळी केली, तगडे चालणारे निवडून सोडले, आणि लेनापेंच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त मुलूख घशात घातला. लेनापे लोक पश्चिमेकडे ढकलले गेले. पुढे १७५४ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात तिथे युद्ध पेटलं, १७५५ मध्ये जनरल ब्रॅडॉकच्या इंग्रज सैन्याचा धुव्वा उडाला, आणि ब्लू माउंटनच्या कडेची सगळी शेतघरं उघडी पडली. लेनापे आणि शॉनी योद्धे फ्रेंचांच्या बाजूने सरहद्दीवर हल्ले करू लागले. नॉर्थकिलची आमिश घरं याच सरहद्दीवर होती. हत्यार न उचलणारी माणसं, युद्धाच्या ऐन तोंडावर.

१९ सप्टेंबर १७५७ ची रात्र. यापुढचं बरंचसं कुटुंबात तोंडोतोंडी चालत आलेलं आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

संध्याकाळी गावातली तरुण पोरं याकोबच्या घरी जमली होती. सफरचंदं चिरायची, फोडी वाळवायच्या, हिवाळ्याची बेगमी करायची. काम कमी, गप्पा जास्त. पाहुणे गेले, घर झोपलं. पहाटेच्या आधी कुत्रं भुंकायला लागलं. धाकट्या याकोबने दार उघडलं आणि त्याच्या पायात गोळी घुसली. त्याने कसंबसं दार लावून घेतलं. बाहेर हल्लेखोरांची टोळी.

घरात बंदुका होत्या. शिकारीच्या. योसेफ आणि क्रिस्टियान, पोरसवदा वयाची मुलं, पण नेम चांगला. दोघांनी बंदुका उचलल्या. बापाने त्यांना थांबवलं. दुसऱ्याचा जीव घ्यायचा नाही, स्वतःचा वाचवण्यासाठीसुद्धा नाही. मुलं विनवत राहिली, बाप ऐकेना.

मग घराला आग लावली गेली. सगळे तळघरात उतरले. वरची जमीन पेटून आग खाली यायला लागली, तसं त्यांनी पिंपातला सफरचंदाचा रस शिंपडून ती विझवत ठेवली. उजाडलं. हल्लेखोर निघून जाताना दिसले, तेव्हा ही माणसं तळघराच्या लहानशा खिडकीतून बाहेर पडायला लागली. आई अंगाने जाड होती. तिला वेळ लागला. पायात गोळी असलेल्या मुलालाही लागला. तेवढ्यात एक तरुण योद्धा मागे राहिला होता, बागेत पिकलेले पीच गोळा करत. त्याने पाहिलं आणि बाकीच्यांना हाक मारली.

धाकटा याकोब आणि ती मुलगी कुऱ्हाडीच्या घावाने मारली गेली. आईला चाकूने भोसकलं आणि तिच्या डोक्याची कातडी केसांसकट काढून नेली. बाप, योसेफ आणि क्रिस्टियान कैदी झाले. शेजारच्या घरातून जॉन हे बघत होता. त्याने स्वतःच्या बायकापोरांना झाडीत लपवलं होतं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा सगळ्यांसारखाच बापाच्या निर्णयावर अडकलो. बरोबर होता का? मी असतो तर? आमिश घरांत ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती याच निर्णयासाठी. त्यावर अजूनही माझं मत पक्कं होत नाही. एक दिवस वाटतं केवढं धैर्य, दुसऱ्या दिवशी वाटतं की त्या खिडकीत अडकलेल्या बाईला कुणी विचारलं होतं का.

पण नंतर माझं लक्ष गोष्टीच्या दुसऱ्याच तुकड्याकडे गेलं. बाकीच्यांना कुऱ्हाड आणि आईला चाकू, हा फरक का? चाकूने भोसकणं हे जास्त अपमानाचं मरण, असं कुटुंबात मानलं गेलं. मग त्याचं कारणही परंपरेत आहे: म्हणे काही वर्षांपूर्वी मूळनिवाशांची एक टोळी दारात आली होती, खायला मागत होती, आणि हिने त्यांना हाकलून दिलं. त्याचा राग त्यांनी काढला.

आता बघा हं. हे कुणी सांगितलं? ती तर मेली. हल्लेखोरांनी काही लिहून ठेवलं नाही. म्हणजे मागे उरलेल्यांनी, 'असं का झालं' या प्रश्नाला जे उत्तर शोधलं, ते हे. बापाच्या वाट्याला तत्त्व आलं आणि आईच्या वाट्याला दोष. नाव पुसलं गेलं, पण तिने म्हणे एकदा कुणाला भाकरी दिली नाही, हे मात्र टिकलं. झालंही असेल तसं. पण १७३७ ची ती जमिनीची लबाडी, ब्रॅडॉकचा पराभव, फ्रेंचांनी दिलेला दारूगोळा हे सगळं डोळ्यांसमोर असताना एका बाईच्या स्वयंपाकघरात या हल्ल्याचं कारण शोधायचं, हे मला पटत नाही.

पुढची गोष्ट भराभर सांगतो, जरी त्यावर अख्खी वेबसिरीज होईल.

निघायच्या आधी याकोबने मुलांना सांगितलं, खिशात पीच भरून घ्या. दूरच्या वस्तीवर पोचल्यावर कैद्यांना दोन रांगांमधून पळवायची पद्धत होती, दोन्ही बाजूंनी काठ्यांचा मार. याकोबने पुढे होऊन प्रमुखाच्या हातात पीच ठेवले. मार टळला. बापलेकांना वेगवेगळ्या वस्त्यांवर पाठवलं गेलं. निरोप घेताना बाप मुलांना म्हणाला की जर्मन विसरलात तरी चालेल, प्रार्थना विसरू नका.

१७५८ च्या वसंतात तो निसटला. गवत खात, लपतछपत, शेवटी ओंडक्यांचा तराफा बांधून सस्क्वेहाना नदीतून वाहत वाहत शामोकिनच्या फोर्ट ऑगस्टा किल्ल्यापाशी आला. उभं राहायचं त्राण नव्हतं. किल्ल्यावरच्या माणसांनी पाहिलं म्हणून वाचला. इंग्रज लष्कराने त्याची जबानी घेतली: फ्रेंचांचे किल्ले कुठे, माणसं किती, वाटा कशा. ती जबानी आजही कर्नल हेन्री बुकेच्या कागदपत्रांत आहे. म्हणजे जो माणूस बंदूक उचलायला तयार नव्हता, त्याच्या आयुष्यातला एक भक्कम पुरावा हा लष्करी हेरगिरीचा कागद आहे. इतिहासाला कुणाच्या तत्त्वांशी काही देणंघेणं नसतं.

१७६२ मध्ये त्याने पेनसिल्व्हेनियाच्या लेफ्टनंट गव्हर्नरकडे अर्ज केला की माझी मुलं अजून कैदेत आहेत, ती सोडवून द्या. १७६४ मध्ये बुकेने ओहायोच्या प्रदेशात फौज नेऊन कैदी परत करायची अट घातली, आणि त्याच्या आगेमागे एकेक करून दोन्ही मुलं परतली.

क्रिस्टियानची परतण्याची गोष्ट फार सुंदर आहे. याकोब घरात जेवायला बसला होता, पुढ्यात सूप. दारात मूळनिवाशांच्या वेशातला एक तरणाबांड पोरगा येऊन उभा राहिला. याकोबने ओळखलं नाही, बाहेर थांब म्हणाला. तो बाहेर जाऊन झाडाच्या बुंध्यावर बसला. जेवण आटोपून बाप बाहेर आला, तेव्हा पोराने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये स्वतःचं नाव सांगितलं. बस्स, एवढंच. नाव शाबूत राहिलं होतं.

त्या पोराची भाषा गेली, वेश बदलला, बापालाही तो ओळखू येईना. फक्त नावाने तो पुन्हा घरचा झाला. आणि त्याच घरात त्याच्या आईचं नाव हळूहळू विसरलं जात होतं. मी ही दोन टोकं एकमेकांशेजारी ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो.

नंतर क्रिस्टियान आमिश राहिला नाही, डंकर नावाच्या दुसऱ्या पंथात गेला आणि तिथे धर्मोपदेशक झाला. योसेफला त्याच्या त्या जंगलातल्या माणसांची ओढ म्हणे आयुष्यभर होती.

हे सगळं छापील कागदावर कधी आलं? १९१२ मध्ये! हार्वी हॉस्टेटलर नावाच्या वंशजाने 'डिसेंडंट्स ऑफ जेकब होखस्टेटलर' हे जाडजूड पुस्तक काढलं. विल्यम एफ. होखस्टेटलरने त्याला ऐतिहासिक प्रस्तावना लिहिली. आपल्याकडे कुलवृत्तांत असतात ना, तसलंच. घटना १७५७ ची, पुस्तक १९१२ चं, मध्ये दीडशेहून जास्त वर्षं. तोवर गोष्ट तोंडातून कानात आणि कानातून तोंडात फिरत होती. म्हणून मी मघाशी म्हटलं, जपून ऐका. पीच खरे असतील. सूपही खरं असेल. पण त्याला घासून घासून चकाकी आलेली आहे.

त्या पुस्तकाची रचना बघून मला हार्वीला दंडवत घालावासा वाटला. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक. आईबापाच्या नोंदीत मुलाचा क्रमांक, मुलाच्या नोंदीत पुढच्या पिढीचा. म्हणजे चक्क प्रायमरी की आणि फॉरेन की, आणि हे सगळं पत्रं पाठवून, उत्तरं मागवून, हाताने. आजही आमिश वंशावळीवर काम करणारे या पुस्तकाचा हवाला आद्याक्षरं आणि क्रमांकानेच देतात.

आणि इंटरनेटवर आपण काय केलंय? याकोब होखस्टेटलर सर्च करा. शेकडो वंशवृक्ष निघतील. बहुतेकांत त्याच्या बायकोच्या जागी नाव आहे. बहुधा ॲना. आडनाव कधी एक, कधी दुसरं. पुरावा विचारला तर दुसऱ्या वंशवृक्षाचा हवाला, त्याच्यात तिसऱ्याचा. कुणीतरी कधीतरी अंदाज टाकला आणि बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट मारलं. डेटाबेसमध्ये माहीत नसलेल्या जागेला आम्ही नल म्हणतो. नल म्हणजे शून्य नाही, रिकामी स्ट्रिंग नाही. नल म्हणजे 'इथे काहीतरी होतं, ते मला माहीत नाही' अशी कबुली. नवशिके लोक एरर येऊ नये म्हणून तिथे काहीतरी भरून टाकतात, आणि मग ती खोटी किंमत पुढच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये खरी म्हणून मिरवते. मीही केलंय हे. एकदा चांगली बोलणी खाल्ली आहेत.

पण त्या ॲना भरणाऱ्यांचा मला पूर्ण राग येत नाही. माझ्या पणजीचं माहेरचं नाव मी घरात विचारलं होतं, तेव्हा चार माणसांनी तीन उत्तरं दिली. लग्नात नाव बदललं, मग सगळे तिला ताई म्हणायला लागले, संपलं. रिकामी जागा बघवत नाही माणसाला.

आता तुम्ही म्हणाल, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या नावात एवढं काय अडलंय. तर एक ठिकाण असं आहे जिथे अडतं: दवाखाना.

१९६० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्सचा डॉक्टर व्हिक्टर मक्युसिक पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीच्या आमिशांकडे गेला. तिथे काही मुलं फार आखूड हातापायांची, दोन्ही हातांना सहा-सहा बोटं, आणि बऱ्याच जणांच्या हृदयात दोष जन्मायची. कितीतरी बाळं लहानपणीच दगावायची. आजाराचं नाव एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड. जगभरच्या वैद्यकीय लेखांत तोवर जेवढे रुग्ण नोंदले होते, जवळपास तेवढे एकट्या या समाजात निघाले. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन सदोष प्रती मिळाल्या तरच हा आजार होतो. म्हणजे आजारी मुलांच्या आईबापांचा कुणीतरी समान पूर्वज हवा.

मक्युसिकच्या गटाने आमिशांच्या वंशावळी उघडल्या. प्रत्येक आजारी मुलाच्या आईची आणि बापाची वाट मागे मागे नेली. सगळ्या वाटा एका जोडप्यापाशी येऊन मिळाल्या, १७४४ मध्ये आलेल्या. १९६४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जनुक प्रत्यक्ष हाती लागायला २००० साल उजाडलं, पण कागदावरून माणूस छत्तीस वर्षं आधीच सापडला होता. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या वंशावळी एकत्र करून संशोधनासाठी मोठा डेटाबेस बांधला, आणि त्यावरून आणखी आजारांची जनुकं शोधली गेली. त्या पुस्तकांतल्या क्रमांकांमुळे पुढे कुणाच्यातरी बाळाचं निदान वेळेत होतं. चुकीच्या ठिकाणी भरलेली ॲना इथे नुसती चूक राहत नाही.

आणि ते १७४४ चं जोडपं कोण? वैद्यकीय लेखांत वर्षानुवर्षं लिहिलं जातं: सॅम्युएल किंग आणि त्याची बायको.

सदोष जनुक दोघांपैकी कुणाकडूनही आलेलं असू शकतं, शक्यता अगदी समसमान. तरी नाव लिहायचं ते एकाचंच.

परत नॉर्थकिलला येऊ. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे छोटे कण असतात, त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. तो फक्त आईकडून येतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे देते ती फक्त मुलगी. बाप त्यात काहीच घालत नाही. आडनावाच्या बरोबर उलटा कारभार.

त्या सकाळी मारल्या गेलेल्या बाईच्या मुलांपैकी जॉन, योसेफ आणि क्रिस्टियान यांच्यापाशी हा धागा संपतो. तिच्याबरोबर मेलेली मुलगी, जिचंही नाव उरलेलं नाही, तिच्यापाशी संपला. उरली बार्बरा. ती त्या रात्री त्या घरात नव्हती. तिच्या मुली, त्यांच्या मुली, त्यांच्या मुली, प्रत्येक लग्नात आडनाव बदलत गेलेल्या. कुठल्यातरी घरातली चुलीपुढची एखादी बाई आज तो धागा पेशीपेशीत घेऊन वावरत असेल, आणि आडनावावरून तिला होखस्टेटलर म्हणून कुणी ओळखणार नाही.

हार्वी हॉस्टेटलरचं १९१२ चं पुस्तक मुलांच्या शाखांवर होतं. बार्बराची शाखा बाकी होती. ती त्याने नंतर हाती घेतली. ते दुसरं पुस्तक १९३८ मध्ये निघालं. त्याच्या नावात बार्बरा होखस्टेडलर आधी येते आणि तिचा नवरा क्रिस्टियान स्टुट्झमन तिच्यामागून. पुस्तक पहिल्यापेक्षाही जाड आहे.

चला, आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.